पान उघडून दाखवा : शोधमार्गदर्शकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांमधील मराठी व इतिहास या विषयांचे पीएच.डी. मार्गदर्शक यांस,



प्रबंधातल्या संदर्भाकडून दोन कामांची अपेक्षा असते. वाचकाला मूळ मजकुराच्या पानापर्यंत पोचवणे हे पहिले काम. त्या पानावर जे लिहिले आहे त्यावर कितपत विसंबावे, हे सांगणे दुसरे. पहिले काम तळटीप करू शकते. दुसरे तिच्या आवाक्यातले नाही. कोण बोलतो आहे, कशाच्या आधारावर बोलतो आहे आणि त्याचे बोलणे येथे कशासाठी आणले आहे, हे मजकुरातल्या वाक्यालाच सांगावे लागते. मराठीतून लिहिल्या जाणाऱ्या अनेक प्रबंधांत पहिले काम अर्धवट होते आणि दुसरे राहूनच जाते. हा दोष एकट्या विद्यार्थ्याच्या माथी मारता येत नाही. जे तपासले जाते तेच विद्यार्थी नीट करतो. म्हणून हे पत्र तपासणाऱ्यांच्या नावे आहे.

पहिली तक्रार टक्क्यांची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याला आळा घालणारे विनियम लागू केले. त्यांत साधर्म्याच्या चार पातळ्या ठरवल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० टक्के आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष प्रबंध सादर करण्यास मनाई. त्यापुढे नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची मोजणीतून वगळावीत, असेही त्याच विनियमांत आहे. हेतू रास्त आहे. पण विभागांत या सगळ्यातून शिल्लक राहिला तो आकडा. प्रबंध हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती टक्के आले?’ हा.

मराठीच्या बाबतीत हा आकडा अधिकच फसवा ठरतो. संगणकप्रणाली ज्या मजकुराशी तुलना करते, तो मजकूर तिच्या साठ्यात असावा लागतो. मराठीतली जुनी पुस्तके बहुतांशी छापील स्वरूपात आहेत. जी स्कॅन झाली आहेत त्यांतली पुष्कळशी नुसती पानांची चित्रे आहेत. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेले प्रबंध यंत्राला देवनागरी म्हणून वाचताच येत नाहीत. त्यामुळे एखाद्या जुन्या ग्रंथातले अख्खे प्रकरण उतरवलेला प्रबंध चार टक्क्यांत सुटू शकतो. उलट कवितेचे बारकाईने विश्लेषण करताना ओळीमागून ओळ उद्धृत करणारा प्रामाणिक विद्यार्थी, अवतरणे वगळण्याची सोय न वापरल्यास, तिसाच्या पुढे जातो. आकडा साम्य मोजतो. संदर्भ योग्य ठिकाणी, योग्य ओळखीसह आला की नाही, हे मोजणारे यंत्र नाही. ते काम मार्गदर्शकाचेच आहे.

आयोगाने २०१९च्या अखेरीस पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन आणि प्रकाशन नीती हा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रमही आणला. चोरी का करू नये, हे त्यात शिकवले जाते. पण घेतलेला आधार वाक्यात कसा बसवावा, हे हाताला धरून शिकवण्याची जागा मार्गदर्शकाचे टेबल हीच असते.

दुसरी तक्रार आधाराची ओळख करून न देण्याची. एका परिचित उदाहरणावरून ती स्पष्ट होईल. शिवचरित्रावरच्या प्रबंधात असे वाक्य असते : ‘शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर झाला.’ खाली तळटीप : जेधे शकावली. वाक्य चूक नाही, तळटीपही चूक नाही. तरीही वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही. शकावली म्हणजे काय, ती कोणाची, ती मानायची का आणि न मानणारे कोण होते, हे सगळे तळटिपेच्या दोन शब्दांत बुडून जाते.

तोच मजकूर असाही लिहिता येतो : ‘मल्हार रामराव चिटणीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सातारच्या दरबारात बसून लिहिलेली बखर शिवजन्म शके १५४९च्या वैशाखात, म्हणजे १६२७ साली, झाल्याचे सांगते. याउलट भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात जपलेल्या शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद आहे. ही शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली उजेडात आणली. तिच्यातल्या नोंदी १६९७च्या सुमारास थांबतात. म्हणजे ती बखरीपेक्षा घटनेला शंभराहून अधिक वर्षांनी जवळची आहे. महाराजांच्या हयातीत कवींद्र परमानंदाने रचलेले शिवभारत हे संस्कृत काव्यही हीच तिथी देते. दोन भिन्न प्रकारची आणि घटनेला जवळची साधने जुळत असल्याने येथे १६३० हे वर्ष ग्राह्य मानले आहे.’

दुसरा मजकूर लांब आहे, पण त्यातले एकही वाक्य फुकट गेलेले नाही. प्रत्येक साधनाबरोबर चार गोष्टी आल्या आहेत : कर्ता किंवा घराणे, काळ, लेखनाचा प्रकार आणि घटनेपासूनचे अंतर. विरोधी साधन लपवलेले नाही. शेवटी संशोधकाने स्वतःचा निर्णय आणि त्याचे कारण दिले आहे. आता वाचक सहमत नसला तरी नेमके कोठे असहमत आहे, हे त्याला सांगता येईल.

याच उदाहरणात आणखी एक धडा आहे. शकावलीत इसवी तारीख नाही. ती नंतरच्या संशोधकांनी गणित करून बसवली. शकात ७८ मिळवले की सन मिळतो, ही शाळेत शिकलेली रीत येथे १६२९ देते. फाल्गुन जानेवारीनंतर येत असल्याने ७९ मिळवावे लागतात, तेव्हा १६३० येते. शिवाय १९ फेब्रुवारी ही ज्युलियन तारीख आहे. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च ठरतो. त्या काळच्या इंग्रज वखारवाल्यांचे वर्ष तर २५ मार्चला बदलत असे, म्हणजे त्यांच्या कागदावर फेब्रुवारीतला तो दिवस १६२९चाच असता. साधनात जे आहे ते आणि संशोधकाने त्यातून काढलेले ते, यांतला फरक वाक्यात दिसला पाहिजे. तिथी साधनाची, तारीख गणिताची. दोन्ही एकाच तळटिपेखाली घातल्या की साधनाच्या तोंडी न बोललेले शब्द जातात.

कोणतेही साधन सरसकट विश्वासू किंवा सरसकट टाकाऊ नसते. प्रश्न बदलला की त्याची किंमत बदलते. चिटणिसांची बखर जन्मतिथीसाठी कमकुवत आहे, पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातारच्या दरबारात महाराजांची कोणती प्रतिमा होती, या प्रश्नाला तिच्याइतका जवळचा आधार शोधून मिळणार नाही. महाराष्ट्र शासनाने २००१ साली शिवजयंतीसाठी १९ फेब्रुवारी ही तारीख ठरवली. शासनाचा निर्णय हा सरकारने काय ठरवले याचा पुरावा आहे. जन्म केव्हा झाला याचा नाही. तरी प्रबंधांत शासननिर्णय जन्मतारखेखाली आधार म्हणून आढळतो आणि कोणी त्यावर लाल रेघ ओढत नाही.

तिसरी तक्रार विशेषणांची. ओळख करून द्यायची म्हटले की प्रबंधांत ‘थोर विचारवंत’, ‘ज्येष्ठ समीक्षक’, ‘सुप्रसिद्ध इतिहासकार’ अशी माळ येते. ही ओळख नव्हे, हा हारतुऱ्यांचा कार्यक्रम. लेखक प्रसिद्ध असल्याने त्याचे विधान खरे ठरत नाही. वाचकाला हवे असते ते वेगळेच : या विशिष्ट मुद्द्यावर या माणसाचे का ऐकायचे? ‘इतिहासाचार्य राजवाडे’ एवढ्याने काही कळत नाही. ‘वाईला सापडलेले पानिपतकालीन कागद १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेच्या पहिल्या खंडात छापणारे वि. का. राजवाडे’ म्हटले की पानिपताविषयी त्यांचे म्हणणे का विचारात घ्यायचे, ते कळते. तेच राजवाडे एखाद्या शब्दाच्या व्युत्पत्तीसाठी उद्धृत होत असतील, तर ओळखही त्या कामाशी जुळणारी हवी. ओळख माणसाची नव्हे, त्याच्या त्या विधानामागच्या अधिकाराची करून द्यायची असते. आणि ती एकदाच, पहिल्या उल्लेखाच्या वेळी. पुढे नुसते आडनाव पुरते.

नावाच्या बाबतीत आळस किती महाग पडतो, याचे उदाहरणही राजवाड्यांच्याच घरात आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे इतिहासकार. त्यांचे बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे संस्कृत पंडित, यास्काच्या निरुक्ताचे अभ्यासक. मराठीत वि. का. आणि वै. का. यांत केवळ मात्रांचा फरक आहे. रोमन लिपीतली आद्याक्षरे तर दोघांची एकच होतात. इंग्रजी सूचीतून मराठी प्रबंधात नाव आणताना निरुक्तावरचे काम इतिहासाचार्यांच्या खात्यावर जमा होऊ शकते.

चौथी तक्रार क्रियापदांची आहे आणि ती खास मराठी वाक्याशी निगडित आहे. बहुतेक प्रबंधांत प्रत्येक आधार ‘यांच्या मते’ या दोन शब्दांवर टांगलेला असतो. अमुक यांच्या मते पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले. तमुक यांच्या मते लेखिका बुलढाण्याच्या होत्या. प्रकाशनाचे वर्ष आणि गाव ही मते नसतात. उलट ज्या विधानावर खरोखर वाद आहे, तेथेही हेच दोन शब्द येतात. त्यामुळे माहिती, अनुमान आणि अभिप्राय एका ओळीत उभे राहतात.

मराठीला क्रियापदांची वाण नाही. लेखक नोंदवतो, दाखवून देतो, सुचवतो, गृहीत धरतो, आक्षेप घेतो, मान्य करतो, दावा करतो, शंका काढतो. यांतले प्रत्येक क्रियापद संशोधकाचीही बाजू उघड करते. ‘दाखवून देतात’ म्हणणाऱ्याने पुरावा पटल्याचे कबूल केलेले असते. ‘दावा करतात’ म्हणणाऱ्याने अंतर राखलेले असते. विद्यार्थ्याने ‘दावा करतात’ लिहिले आणि पुढच्याच परिच्छेदात त्या दाव्यावर इमारत उभी केली, तर मार्गदर्शकाने तेथेच थांबवायला हवे.

दुसरी अडचण वाक्यरचनेची. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि ‘असे अमुक म्हणतात’ हे शब्दही शेवटीच पडतात. चार ओळींचे वाक्य वाचून झाल्यावर वाचकाला समजते की आतापर्यंतचे बोलणे संशोधकाचे नव्हतेच. विधान छोटे असेल तर ‘असे’ने शेवट करणे गोड वाटते. लांब असेल तर ‘अमुक यांनी दाखवून दिले आहे की’ अशी सुरुवात करून बोलणाऱ्याला आधी पुढे आणावे. दुसऱ्याचे म्हणणे दोन-तीन वाक्ये चालणार असेल, तर ते कोठे संपले तेही सांगावे : ‘येथवर अमुक यांचे विवेचन. त्यातून निष्पन्न होते ते असे.’ तळटिपेचा आकडा परिच्छेदाच्या शेवटी एकदाच टाकला की वरच्या सहा वाक्यांपैकी कोणती उसनी आणि कोणती स्वतःची, हे ओळखण्याचे काम वाचकावर पडते.

पाचवी तक्रार अवतरणांची. मूळ शब्द जसेच्या तसे उतरवण्याला तीनच चांगली कारणे आहेत. शब्दयोजना हाच पुरावा असावा, जसे कवितेत, पत्रात किंवा कायद्याच्या कलमात असते. मूळ विधानाशी वाद घालायचा असावा आणि त्याचे रूप बदलल्याचा आरोप टाळायचा असावा. किंवा ती गोष्ट इतकी नेमकी म्हटलेली असावी की बदलली की बिघडावी. लोकसाहित्याच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एकाखाली एक येणाऱ्या आठ व्याख्या यांपैकी कोणत्याच कारणात बसत नाहीत. आठही व्याख्या उतरवून ‘वरील व्याख्यांवरून लोकसाहित्याचे स्वरूप स्पष्ट होते’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात स्पष्ट काहीच होत नाही, कारण त्या व्याख्या एकमेकींशी कोठे भांडतात ते सांगितलेले नसते. त्यांपैकी दोनच निवडून, पहिलीत मौखिकतेवर भर आहे आणि दुसरीत समूहावर, म्हणून या प्रबंधात दुसरी स्वीकारली आहे, असे एक वाक्य आले तर उरलेल्या सहांची गरज पडत नाही.

अवतरणापूर्वी एक वाक्य हवे आणि नंतर किमान एक. आधीचे वाक्य वाचकाने त्यात काय पाहायचे ते सांगते. नंतरचे त्यातून काय मिळाले ते. अवतरण दिले की परिच्छेद संपवायचा, ही सवय इतकी रुजली आहे की काही प्रकरणे उताऱ्यांचा संग्रह वाटतात. अवतरण स्वतःहून काही सिद्ध करत नाही.

अवतरणाचा प्रामाणिकपणा अक्षरापर्यंत जातो. मराठीचे लेखननियम १९६२ साली बदलले, १९७२ साली त्यांत भर पडली आणि व्युत्पत्तीवर आधारलेले अनुस्वार गेले. त्याआधीचा मजकूर उतरवताना टंकलेखक हे अनुस्वार सवयीने गाळतो. कोठे जुने लेखन ठेवले आणि कोठे आधुनिक केले, हे प्रबंधाच्या सुरुवातीला दोन ओळींत सांगता येते. गाळलेल्या शब्दांच्या जागी टिंबे आणि संशोधकाने घातलेल्या शब्दांना चौकटी कंस, एवढे पाळले तरी पुरे. मोडी कागदाच्या बाबतीत लिप्यंतर कोणाचे, हेही सांगायला हवे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद राहत नाही आणि शब्द तोडून लिहिलेले नसतात, त्यामुळे वाचणारा बदलला की वाचन बदलू शकते.

सहावी तक्रार ‘स्वतःच्या शब्दांत’ या नावाखाली चाललेल्या समानार्थी शब्दांच्या व्यापाराची. टक्क्यांच्या भीतीने हा व्यापार फोफावला. समजा, मूळ ग्रंथात असे वाक्य आहे : ‘पेशवाईच्या उत्तरार्धात सावकारांचे महत्त्व वाढले, कारण फौजेचा पगार भागवण्यासाठी दरबाराला कर्जावर अवलंबून राहावे लागले.’ प्रबंधात ते असे येते : ‘पेशवाईच्या अंतिम कालखंडात सावकारांचे माहात्म्य वृद्धिंगत झाले, कारण सैन्याचे वेतन अदा करण्यासाठी दरबाराला ऋणावर विसंबून राहावे लागले.’ वाक्याचा सांगाडा तोच आणि कारणाचा क्रमही तोच. फक्त साध्या शब्दांच्या जागी जड शब्द आले. यंत्र फसते, वाचक फसत नाही. भाषाही बिघडते, ते वेगळेच.

स्वतःच्या शब्दांत मांडणे म्हणजे पुस्तक मिटवून, आपल्या प्रश्नाच्या बाजूने तीच गोष्ट सांगणे. प्रबंध पुण्यातल्या सावकारी घराण्यांवर असेल तर वाक्य असे होईल : ‘या घराण्यांचा दरबारातला शब्द मोहिमांच्या खर्चाबरोबर वजनदार होत गेला, असे अमुक यांचे विवेचन सुचवते, कारण फौजेचे पगार त्यांच्या कर्जाशिवाय निघत नव्हते.’ कर्ता बदलला, भर बदलला, आणि आधाराचे नाव वाक्यातच आले. तळटीप तरीही लागतेच, कारण शब्द आपले असले तरी विचार दुसऱ्याचा आहे. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले, यासारख्या सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीला मात्र तळटीप नको. अशा टिपांनी पान भरले की खऱ्या टिपा दिसेनाशा होतात.

सातवी तक्रार आवृत्त्यांची. ‘ज्ञानेश्वरी, अध्याय अमुक, ओवी तमुक’ एवढा संदर्भ पुरा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या पाठाची परंपरा वेगळी आणि राजवाड्यांनी १९०९ साली छापलेली प्रत वेगळी. ओव्यांची संख्या आणि शब्दही सर्वत्र सारखे नाहीत. तुकारामांच्या सरकारी गाथेत ४६०७ अभंग आहेत. तोच क्रमांक विष्णुबुवा जोगांच्या सार्थ गाथेत त्याच अभंगाचा असेल, याची खात्री नाही. लीळाचरित्रातल्या लीळांचे क्रमांकही वि. भि. कोलते यांच्या १९७८च्या प्रतीत आणि इतरांच्या प्रतींत जुळत नाहीत. प्रत कोणती, ती का निवडली, हे प्रकरणाच्या आरंभी एकदा लिहिले की पुढे नुसते क्रमांक पुरतात.

पुनर्मुद्रणाचा घोळ याहून विनोदी आहे. कंसात ‘शिंदे, १९७५’ असे लिहिलेले असते. सूची उघडल्यावर कळते की पुस्तक ताराबाई शिंदे यांचे स्त्रीपुरुष तुलना आहे. ते १८८२ साली प्रसिद्ध झाले, स. गं. मालशे यांनी संपादित केलेली आवृत्ती १९७५ची. नवखा वाचक ताराबाईंना १९७५च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या मोर्चात नेऊन उभे करील. ‘शिंदे, १८८२/१९७५’ असे लिहिले की लेखनाचा काळ आणि हातातली प्रत दोन्ही कळतात. महात्मा फुले यांच्या समग्र वाङ्मयाची गतही तीच : कीर-मालशे यांच्या संपादनातली १९६९ची आवृत्ती आणि नंतरची य. दि. फडके यांनी संपादित केलेली आवृत्ती यांची पाने जुळत नाहीत, म्हणून नुसते ‘फुले, पृ. अमुक’ वाचकाला कोठेच नेत नाही. विश्वकोशातल्या नोंदींखाली लेखकाचे नाव असते. ‘विश्वकोश म्हणतो’ असे लिहून तो लेखक नाहीसा करणे हाही संदर्भाचा अपमानच.

आठवी तक्रार उसन्या संदर्भांची. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातून निवडलेले कागद ४५ खंडांत छापले. त्यातले पत्र उद्धृत करायला काही हरकत नाही. पण छापील खंडातून घेतलेल्या पत्राखाली ‘पेशवे दप्तर, पुणे’ एवढेच लिहिले की पुराभिलेखागारात जाऊन रुमाल सोडल्याचा आव येतो. निवड ही निवडच असते. संपादकाने काय वगळले, हा प्रश्न वाचकाला पडला पाहिजे आणि तो पडण्यासाठी खंडाचा क्रमांक समोर हवा. मिशेल फुको किंवा ग्राम्शी यांची तीच गोष्ट. मराठी समीक्षाग्रंथातल्या दोन परिच्छेदांवरून त्यांची ओळख झाली असेल, तर तसे म्हणण्यात कमीपणा नाही : मूळ लेखक अमुक, उद्धृत तमुक यांच्या ग्रंथात, पृष्ठ इतके. इंग्रजीतून स्वतः मराठी केले असेल तर ‘अनुवाद संशोधकाचा’ हे शब्द हवेत. अलीकडे यंत्राला विचारून सूची वाढवण्याची सोय झाली आहे. यंत्र लेखक, वर्ष, प्रकाशक असे सगळे नीटनेटके देते. पुस्तक मात्र कधी कधी अस्तित्वातच नसते.

मौखिक साधनांकडे तर संदर्भ म्हणून पाहिलेच जात नाही. जात्यावरची ओवी सांगणारी बाई प्रबंधात ‘एक वृद्ध महिला’ होते. तिची संमती असेल तर नाव, गाव, ओवी ऐकल्याची तारीख आणि ती ओवी तिला कोणाकडून मिळाली, हे लिहिणे आवश्यक आहे. संमती नसेल तर नाव का दिले नाही, ते सांगावे. छापील कवीला जी वागणूक मिळते ती तिलाही मिळायला हवी.

नववी तक्रार ‘तत्रैव’ची. लागोपाठच्या टिपांत तोच ग्रंथ आला की ‘तत्रैव’ लिहायची रीत छापखान्याच्या काळात सोयीची होती. आता मसुदा शेवटच्या दिवसापर्यंत बदलत असतो. बाविसाव्या आणि तेविसाव्या टिपेच्या मध्ये मार्गदर्शकाच्या सूचनेवरून नवी टीप घुसते आणि तिच्याखालची तत्रैवची सबंध रांग भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. आकडे संगणक आपोआप पुढे सरकवतो. तत्रैवचा अर्थ सरकवत नाही. ‘उ. नि.’ची अवस्था याहून वाईट, कारण उपरिनिर्दिष्ट ग्रंथ चाळीस पानांमागे असतो. आडनाव, छोटे शीर्षक आणि पृष्ठ एवढे दरवेळी लिहिले तर ही अडचण मुळातून मिटते.

तक्रारींनंतर विनंत्या.

पहिली, प्रत्येक विभागाने चार पानांची स्वतःची संदर्भपद्धती ठरवावी. एपीए किंवा एमएलएची पद्धत जशीच्या तशी आणून भागत नाही. शक, पुनर्मुद्रण, संतवाङ्मयाच्या प्रती, मोडी लिप्यंतर, मराठी आद्याक्षरे आणि वर्णक्रम यांची उत्तरे तिथे तयार मिळत नाहीत.

दुसरी, साधर्म्य-अहवाल मार्गदर्शकाने विद्यार्थ्यासोबत बसून वाचावा. एकूण टक्का बाजूला ठेवून, रंगवलेला प्रत्येक भाग अवतरण आहे, चुकून राहिलेला श्रेयोल्लेख आहे की उचल आहे, हे तीन रकान्यांत लिहून काढावे.

तिसरी, पहिल्या प्रकरणाच्या मसुद्यातले ‘यांच्या मते’ मोजायला सांगावेत आणि प्रत्येकाच्या जागी नेमके क्रियापद शोधायला लावावे. हा एका दुपारचा अभ्यास आहे. पण ते करताना विद्यार्थ्याला प्रत्येक आधाराशी आपले नाते काय, हे ठरवावेच लागते.

चौथी, सूचीत असलेला पण मजकुरात कोठेही न आलेला ग्रंथ वगळायला सांगावा. दोनशे पुस्तकांची सूची मौखिक परीक्षेत भारदस्त दिसते. चाळीस वाचलेल्या पुस्तकांची सूची अधिक उपयोगी असते.

पाचवी आणि सर्वांत सोपी : प्रबंध सादर करण्यापूर्वी मार्गदर्शकाने त्यातल्या कोणत्याही पाच तळटिपांवर खूण करावी आणि विद्यार्थ्याला ती पुस्तके किंवा कागदांच्या प्रती घेऊन यायला सांगावे. टेबलावर पान उघडावे, ओळीवर बोट ठेवावे, आणि प्रबंधातले वाक्य त्या ओळीशी ताडून पाहावे. ओळ सापडली आणि तिच्यात प्रबंधाने सांगितलेलेच असले, तर पुढच्या टिपेकडे जावे. न सापडल्यास प्रबंध त्या दिवशी पुढे पाठवू नये.



आपला नम्र,
मराठी प्रबंधांचा एक नियमित वाचक